इंग्रजीत चूक, जर्मनमध्ये बरोबर

इंग्रजीच्या नियमित क्रियापदाला मोजून चार रूपं असतात: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. 'पुट'सारख्याचं तर तिनावरच भागतं. सगळ्यात जास्त रूपं 'बी'ला, आणि तीही आठच. याउलट जर्मनमधलं साधं 'माखेन', म्हणजे 'करणे', घेतलं तर वर्तमानकाळात माखे, माख्स्ट, माख्ट, माखेन अशी चार रूपं लागतात. भूतकाळात पुरुष आणि वचन यांप्रमाणे पुन्हा निराळे प्रत्यय, त्यावर आज्ञार्थ आणि धातुसाधितं. बेरीज डझनाच्या घरात जाते. पुण्यामुंबईत जर्मनच्या वर्गात बसणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हा तक्ता वहीत उतरवून घेतो आणि घरी सांगतो, की इंग्रजी सोपं होतं, हे काही खरं नाही.

हा समज मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही. 'जाणे' या एका क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ तो दिवसभर चालवत असतो: मी जातो किंवा जाते, तू जातोस किंवा जातेस, तो जातो, ती जाते, तुम्ही जाता, ते जातात. जर्मन क्रियापदाला लिंगाचं सोयरसुतक नाही, मराठीला आहे. भूतकाळात तर मराठी सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, तिने केळं खाल्लं. खाणारी एकच, क्रियापदं तीन. असल्या भाषेत वाढलेल्याला जर्मनचे चार प्रत्यय जड जाण्याचं कारण नाही, आणि बहुतेकांना ते जातही नाहीत. महिन्याभरात ते जिभेवर बसतात. खरी अडचण निराळीच असते. आपल्याकडे जर्मन शिकवली जाते ती बहुतेक इंग्रजीच्या आधाराने. पुस्तकातले अर्थ इंग्रजीत, वर्गातलं स्पष्टीकरण इंग्रजीत, आणि काळ समजावताना मोजपट्टीही इंग्रजीचीच. रूपं लक्षात ठेवायला ही मोजपट्टी उपयोगी पडते. वापरात मात्र ती अनेकदा दगा देते आणि तिथे मराठी कामाला येते.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधीच्या पिढ्यांनी ते पाचवीपासून घेतलं, त्याच्याही आधीच्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलं. पद्धती बदलल्या, पण मराठी मुलांच्या इंग्रजीतल्या काही चुका पिढ्यान्‌पिढ्या त्याच राहिल्या. 'शी डिड नॉट वेंट' ही त्यांतली बिनीची. शिक्षक ती निष्काळजीपणाच्या खात्यात टाकतात, पण तिच्यामागे मराठीचं व्याकरण उभं असतं. 'ती गेली' याचा नकार 'ती गेली नाही'. क्रियापद भूतकाळातच राहतं, 'नाही' शेवटी येऊन बसतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'कडे सोपवून मूळ क्रियापदाला पुन्हा उघडं करावं लागतं. एकदा दिलेला भूतकाळ काढून घ्यायचा, ही कल्पना मराठी डोक्याला पटत नाही. प्रश्नाचंही तसंच. 'तू का उशिरा आलास'चा शब्दक्रम घेऊन 'व्हाय यू केम लेट' तयार होतं.

दुसरी चूक सुशिक्षितांचीही पाठ सोडत नाही: 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे.' इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटल्यावर ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहतो. पुण्याला गेला होता, मग काय झालं? मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे वाक्य तिथेच पुरं होतं. जाऊन परत आलो, एवढंच त्यातून सांगायचं असतं. तिसरी चूक, 'आय अॅम लर्निंग जर्मन सिन्स टू इयर्स'. मराठीत 'दोन वर्षांपासून शिकतोय' हा सरळ वर्तमानकाळ आहे. इंग्रजीला मात्र इथे 'हॅव बीन लर्निंग' अशी तीन डब्यांची गाडी लागते. म्हणजे इंग्रजीने प्रत्यय कमी केले, पण ओझं टाकून दिलं नाही. ते डू, हॅव, बी आणि विल यांच्या खांद्यावर चढवलं. तक्त्यात न दिसणारं हे ओझं विद्यार्थ्याला उशिरा कळतं, काहींना कधीच कळत नाही.

'आय अॅम नोइंग', 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' ही चालू वर्तमानाची हौस तर भारतीय इंग्रजीची ओळखच होऊन बसली आहे. निसीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता याच लकबीवर उभी केली. इझिकेल मुंबईचे, बेने इस्राएल समाजातले, आणि या समाजाची मातृभाषा मराठी. ती लकब कुठून येते हे त्यांना बाहेरून शिकावं लागलं नसणार.

आता हेच विद्यार्थी जर्मनच्या वर्गात बसवून पाहावेत. 'ती गेली नाही' याचं जर्मन 'झी गिंग निश्ट'. भूतकाळी रूप जागच्या जागी, नकार त्याच्यानंतर. 'डिड'सारखं मधलं कुणी नाही. 'जातोस का तू?' म्हणायचं तर 'गेस्ट डू?', क्रियापद पुढे आणि कर्ता मागे, काम झालं. 'मी उद्या येतो' हे मराठीत वर्तमानकाळातच म्हणतात. जर्मनही 'इश कोमे मॉर्गेन' म्हणतो, तोही वर्तमानकाळच. इंग्रजीत 'आय कम टुमॉरो' लिहिलं तर लाल रेघ ओढली जाते. दोन वर्षांपासून शिकण्याचं वाक्य 'इश लेर्ने झाइट त्स्वाय यारेन डॉइच' असं होतं. साधा वर्तमानकाळ, 'झाइट' म्हणजे 'पासून', आणि विषय संपला. ज्या वाक्यासाठी शाळेत गुण कापले गेले, त्याच्या घडणीला इथे पूर्ण गुण आहेत. 'मी त्याला काल पाहिलं' या वाक्याचंही तेच. इंग्रजीत 'हॅव सीन' आणि 'यस्टरडे' एकत्र नांदत नाहीत. जर्मनमध्ये 'इश हाबे ईन गेस्टर्न गेझेएन' हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे.

गंमत अशी, की इंग्रजी चांगलं असलेला विद्यार्थी इथे अडखळतो. 'हाबे गेझेएन' दिसायला 'हॅव सीन'सारखं, म्हणून तो ते काल-परवाच्या घटनेला वापरायला कचरतो आणि नको तिथे दुसरा भूतकाळ शोधतो. 'आत्ता मी काम करतोय' म्हणताना 'अॅम वर्किंग'च्या जोडीचं काहीतरी हवं म्हणून 'इश बिन आर्बाइटेंड' असला अजब प्रकार रचतो. प्रमाण जर्मनला चालू काळाचं वेगळं रूप नाही, 'इश आर्बाइटे' पुरतं. र्‍हाइन नदीच्या भागातून पसरलेलं 'इश बिन आम आर्बाइटेन' बोलण्यात ऐकू येतं, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते न लिहिलेलं बरं.

मराठीही सगळीकडे साथ देत नाही, हेही नोंदवायला हवं. 'काल पुण्याला गेलो होतो'ची सवय जर्मनमध्येही तितकीच आडवी येते. मराठीत 'हॅव' किंवा 'हाबेन' यांच्या तोलाचं क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, सगळीकडे 'आहे' आणि मालक तिसऱ्याच विभक्तीत. त्यामुळे जर्मन भूतकाळात 'हाबेन' घ्यायचं की 'झाईन', म्हणजे 'असणे', हा प्रश्न आला की विद्यार्थी चाचपडतो. नियम असा, की एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं किंवा एका अवस्थेतून दुसरीत जाणं असेल, आणि क्रियापद अकर्मक असेल, तर 'झाईन', एरवी 'हाबेन'. काही शिक्षक इथे मराठीची युक्ती सांगतात. 'ती गेली', 'ती आली', 'ती मेली' यांत कर्त्याला 'ने' लागत नाही, तिथे झाईन. 'तिने खाल्लं', 'तिने पाहिलं', तिथे हाबेन. युक्ती चांगली, पण अर्ध्यातच सोडते. 'ती झोपली', 'ती हसली' इथेही 'ने' नाही, तरी जर्मन 'हाट गेश्लाफेन', 'हाट गेलाख्ट' असं हाबेनच घेतो. झोपणं म्हणजे जागचं हलणं नव्हे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'ब्लाइबेन'. अर्थ 'राहणे', हालचाल शून्य, तरी सोबत झाईन.

रूपांचा इतिहास पाहिला तर या तीन-चार भाषांचं नातं उघडंच होतं, आणि ते उघडं पडलं तेच मुळी क्रियापदं चालवताना. 1816 साली फ्रांत्स बॉप या तरुण जर्मन अभ्यासकाचं एक पुस्तक फ्रांकफुर्टला निघालं. विषय होता संस्कृतमधली क्रियापदांची रूपपद्धती, आणि तिची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांशी तुलना. तौलनिक भाषाशास्त्र खऱ्या अर्थाने इथून सुरू झालं असं मानतात. शब्द एकमेकांसारखे दिसणं योगायोग असू शकतो किंवा उसनवारी. पण पुरुषाचे प्रत्यय कोणी कुणाकडून उसने घेत नाही, हा त्याच्या मांडणीतला जोर. पुढे ज्यांचं नाव भारतातल्या गटे इन्स्टिट्यूटच्या शाखांना लागलं ते माक्स म्युलर बर्लिनमध्ये याच बॉपचे विद्यार्थी होते. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती त्यांनी 1849 ते 1874 या काळात काढली, भारतात मात्र ते कधीच आले नाहीत.

आठवीत संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्याने 'अस्' धातू चालवलेला असतो. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. जर्मनचं 'असणे' बिन, बिस्ट, इस्ट असं सुरू होऊन 'झिंट'वर संपतं. 'अस्ति'शेजारी 'इस्ट' आणि 'सन्ति'शेजारी 'झिंट' ठेवलं की तक्ता पाठ करायचं निम्मं काम होतं. इंग्रजीतलं 'अॅम' हे 'अस्मि'चं भावंड. 'बिन'मधला 'ब' कुठला? तो 'भू'चा. जुन्या जर्मनमध्ये हे रूप 'बिम' होतं, म्हणजे शेवटचा 'न' हा 'मि' प्रत्ययाचा अवशेष. इंग्रजीतलं 'बी' त्याच 'भू'चं. आणि भूतकाळातले 'वॉज', 'वार', 'गेवेझेन' हे 'वस्' धातूचे, 'वसति' म्हणजे राहतो यातले. एका क्रियापदात तीन धातूंचा संसार आहे. इंग्रजीचं 'गो' आणि 'वेंट' हे दोघं वेगळ्या घरचे तसे मराठीत 'जातो' आणि 'गेला' हेही वेगवेगळ्या धातूंचे. तरी 'जाणे'चा भूतकाळ 'गेला' का, असं मराठी मूल कधी विचारत नाही.

याहून उपयोगी उदाहरण 'कॅन'चं. ही शॅल, ही मे, ही कॅन, यांना 'एस' का लागत नाही? शाळेत उत्तर मिळतं, की हा अपवाद, पाठ करा. जर्मनमध्येही 'इश कान' आणि 'एर कान', तृतीय पुरुषाचा 'ट' गायब. 'मुस', 'डार्फ', 'माग' यांचीही तीच तऱ्हा, आणि 'वाइस' म्हणजे 'जाणतो' याचीही. कारण संस्कृतातल्या 'वेद'मध्ये आहे. 'वेद' हे रूपाने परोक्ष भूतकाळाचं, अर्थाने वर्तमानाचं. पाहून झालं, म्हणून आता ठाऊक आहे. प्रथम पुरुषी एकवचन वेद आणि तृतीय पुरुषी एकवचनही वेद, दोन्ही सारखी. अनेकवचनात मात्र स्वर बदलून 'विद्म'. जर्मनमध्ये इश वाइस, एर वाइस, पण वीर विसेन. इश कान, एर कान, पण वीर क्योनेन. ही सगळी जुन्या भूतकाळाची रूपं वर्तमानकाळात येऊन राहिलेली, म्हणून वर्तमानाचे प्रत्यय त्यांना लागलेच नाहीत. संस्कृत घेऊन दहावी झालेल्या आणि अकरावीत गुणांसाठी जर्मनकडे वळलेल्या मुलामुलींना हे दोन मिनिटांत सांगता येतं. क्वचितच कुणी सांगतं.

झिंगेन, झांग, गेझुंगेन. सिंग, सँग, संग. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. आतला स्वर बदलून काळ बदलणाऱ्या या क्रियापदांना 'बलवान' आणि प्रत्यय लावून भागवणाऱ्यांना 'दुर्बल' ही नावं याकोब ग्रिमने दिली, तोच परीकथांवाला ग्रिम. 1819 पासून निघालेल्या त्याच्या जर्मन व्याकरणात ही विभागणी आहे. संस्कृतातला गुण-वृद्धीचा स्वरबदल आणि हा स्वरबदल एकाच मुळाचे. बलवान क्रियापदांच्या बाबतीत मराठीचा फारसा उपयोग नाही, इंग्रजीचाच आहे, आणि भरपूर आहे. गेबेन, गाब, गेगेबेन शिकताना गिव्ह, गेव्ह, गिव्हन आधीच पाठ असतं. फसवणारेही आहेत. 'हेल्प' इंग्रजीत कधीच नियमित झालं, जर्मन अजून हेल्फेन, हाल्फ, गेहोल्फेन धरून बसला आहे. 'श्राइबेन' हे लॅटिनकडून आलेलं पाहुणं, तरी ते बलवानांच्या पंगतीत बसलं. श्राइबेन, श्रीब, गेश्रीबेन.

पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांवरच्या यादीत अशी दीडशे-दोनशे क्रियापदं असतात, आणि विद्यार्थी ती वर्णानुक्रमे पाठ करायला बसतो. ही वेळेची नासाडी आहे. 2007 साली 'नेचर'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा पाठपुरावा केला. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज 98 उरली आहेत. वापर जितका कमी, तितकं नियमित होणं लवकर. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं, असं त्यांचं गणित निघालं. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदं घेतली तर दहाही अनियमित, बी, हॅव, डू, गो, से वगैरे. जीभ ज्यांना रोज घासते ती टिकतात, अडगळीतली सरळ होतात. जर्मनमध्ये 'बाकेन', म्हणजे भाजणे, याचा भूतकाळ पूर्वी 'बूक' होता. आता बहुतेक जण 'बाक्टे' म्हणतात. मतलब असा, की ज्याला बोलायचं आहे त्याने यादी वापराच्या क्रमाने लावावी. पहिली तीस-चाळीस आली की रोजचा व्यवहार चालतो. बाकीची वाचता वाचता भेटतात.

मुलं असली यादी कधी पाठ करत नाहीत. जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेने 1958 मध्ये लहान मुलांना अर्थ नसलेले बनावट शब्द दिले. कधीही न ऐकलेल्या क्रियापदाचा भूतकाळ मुलांनी नियमाने बरोबर तयार केला. इंग्रजी मूल आधी 'वेंट' म्हणतं, मग नियम सापडला की 'गोड', म्हणजे 'गो'ला 'ईडी' लावून, आणि काही काळाने पुन्हा 'वेंट'. मराठी घरात मधल्या टप्प्यावर 'मी करलं' ऐकू येतं. मोठ्यांच्या वर्गात हीच चूक झाली की तिच्यावर फुली मारतात. खरं तर 'गेहेन'चा भूतकाळ 'गेटे' म्हणणाऱ्याला नियम कळलेला असतो. ज्याने काहीच लावलं नाही त्याची काळजी करावी.

इंग्रजीतला तृतीय पुरुषाचा 'एस' ही अशीच एक जुनी डोकेदुखी. नियम एका ओळीचा, सवय लागायला वर्षं. डुले आणि बर्ट यांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांचं इंग्रजी तपासलं, तेव्हाही हा 'एस' उशिरा येणाऱ्यांतच निघाला. 'ही'ने कर्ता सांगून झालेला असतो, 'एस' नवी माहिती देत नाही, म्हणून मेंदू तो गाळतो. इंग्लंडच्या नॉरफोक भागातली बोली तर तो सरळ गाळतेच. पण पुण्यातल्या मुलाखतीत 'ही गो' म्हणणाऱ्याला नॉरफोकचा दाखला देऊन सुटता येत नाही.

क्रियापदाच्या रूपाइतकाच त्याच्या जागेचा प्रश्न आहे. मार्क ट्वेनने 1880 मध्ये जर्मनची जी यथेच्छ टवाळी केली, तिचा बराचसा भर वाक्याच्या शेवटी जाऊन बसणाऱ्या आणि तुकडे होणाऱ्या क्रियापदांवर होता. इंग्रजी माणसाला ते असह्य झालं असेल. मराठी माणसाला? 'वाइल एर गेस्टर्न इन्स कीनो गेगांगेन इस्ट.' शब्दाला शब्द ठेवावा: कारण, तो, काल, सिनेमाला, गेलेला, आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. 1970 ते 80च्या दशकांत जर्मनीत इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज कामगारांच्या जर्मनचा मोठा अभ्यास झाला. त्यातून मान्फ्रेड पीनेमान आणि सहकाऱ्यांनी शिकण्याचे ठराविक टप्पे मांडले. गौण वाक्यात क्रियापद शेवटी नेणं हा त्यांतला शेवटचा टप्पा. पण हे सगळे शिकणारे क्रियापद मध्ये ठेवणाऱ्या भाषांचे होते. तुर्कीत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, आणि तुर्की मुलांना ही रचना बरीच सोपी गेल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना हा टप्पा शेवटी ठेवून शिकवणं म्हणजे त्यांचं हातातलं हत्यार काढून घेण्यासारखं आहे. त्यांना अडतं ते मुख्य वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं, आणि 'आनरूफेन'सारखं, म्हणजे फोन करणे, असेल तर तुटून 'रूफे' पुढे आणि 'आन' वाक्याच्या टोकाला. 'आन' म्हणायचं विसरला नाही असा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विरळा.

आदराचं तसंच. जर्मनमध्ये परक्याशी किंवा वडीलधाऱ्याशी बोलताना 'झी' आणि सोबत तृतीय पुरुषी अनेकवचनी क्रियापद. इंग्रजीतून समजावताना यावर अर्धा तास जातो. 'काका आले', 'सर बसलेत' म्हणणाऱ्याला त्यात नवल नाही. एकच सापळा आहे. मराठी 'तुम्ही' अनेकांनाही चालतं आणि एका आदरणीय माणसालाही. जर्मन 'ईर' फक्त सलगीतल्या अनेकांना. शिक्षकांना 'ईर कोमट' म्हणणारा विद्यार्थी दर वर्गात एखादा तरी निघतो.

पाठ कसं करावं याबद्दल दोन तट आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा माक्स म्युलर भवनात आज शिकणाऱ्याच्या हातात संवादांची, चित्रांची पुस्तकं असतात. तक्ता शेवटी, चौकटीत. जुनी मंडळी म्हणतात, 'रामः रामौ रामाः' घोकलेल्याला काही अवघड जात नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. घोकून तक्ता येतो, पण 'तू' म्हटल्यावर 'स्ट' आपोआप तोंडातून यायला वाक्यंच बोलावी लागतात. नाहीतर विद्यार्थी मनातल्या मनात पहिल्या रूपापासून जिना चढत येतो आणि समोरचा तोवर पुढे बोलून जातो. विसरण्याचा हिशोब हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडला. त्याच धर्तीवर झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत सांगितली. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात आणि उशिरा, न आलेली पहिल्या कप्प्यात आणि उद्याच. मोबाइलवरची शब्दपाठाची अॅप्स याच पेटीची नातवंडं. क्रियापदांसाठी चिठ्ठीवर सुटं रूप लिहू नये, पूर्ण वाक्य लिहून रूपाची जागा कोरी ठेवावी. हाबेन की झाईन हा घोळ यानेच सुटतो, नियमाने नव्हे.

2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्यानंतर नर्सिंग, वायरिंग, प्लंबिंग शिकलेली मुलंही जर्मनकडे वळली. त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवण्यासारखी. पुस्तकातल्या 'गिंग', 'झा', 'काम' या साध्या भूतकाळाच्या रूपांवर बरेच तास जातात. पण दक्षिण जर्मनीत, म्हणजे नेमक्या त्याच श्टुटगार्टच्या बाजूला, बोलीतून हा काळ केव्हाच उठून गेला आहे. तिथला माणूस जवळजवळ सगळं 'हाबे' आणि 'बिन' लावूनच सांगतो. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्येही तेच. शिवाय उत्तरेत 'बसलो होतो'ला हाबेन लावतात, तर दक्षिणेत 'बिन गेझेसेन', झाईन लावून. परीक्षेच्या ध्वनिफितीतलं जर्मन आणि वर्कशॉपमधलं जर्मन यांत एवढा फरक पडतो. साधा भूतकाळ सोडून द्यावा असा याचा अर्थ नाही. वर्तमानपत्र आणि कादंबरी वाचायला तो लागतोच. पण बोलण्याचा सराव कशाचा करायचा, हे जाणाऱ्याने ठिकाण पाहून ठरवावं.

वर्तमानपत्रात आणखी एक रूप भेटतं, तेही बरंच वरच्या पातळीवर. मंत्री आजारी आहे, असं वार्ताहराला स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचं नसतं, तेव्हा 'इस्ट'ऐवजी तो 'झाई' लिहितो. एवढ्याशा बदलाने बातमीचं ओझं मंत्र्याच्या प्रवक्त्यावर जातं. इंग्रजीतून याचं स्पष्टीकरण लांबतं, कारण इंग्रजीकडे असं रूप नाही. मराठीत वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावतात. 'मंत्री आजारी आहेत म्हणे.' जर्मनने तेच 'म्हणे' क्रियापदाच्या आत बसवलं आहे.

नव्या क्रियापदांना मात्र जर्मन भाषक स्वतःच चाचपडतात. 'गूगेल्न' निभावलं, भूतकाळी 'गेगूगेल्ट'. 'डाउनलोडेन' आलं तेव्हा 'गे' सुरुवातीला लावायचा की 'डाउन' आणि 'लोड' यांच्या मध्ये, यावर एकमत होईना. 'गेडाउनलोडेट' म्हणणारे आहेत आणि 'डाउनगेलोडेट' म्हणणारेही. काही जण वैतागून 'हेरुंटरलाडेन' हे आपलं जुनं क्रियापद वापरतात, आणि तेही बलवान निघतं, लूड, गेलाडेन. मराठी माणूस 'डाउनलोड केलं' म्हणून मोकळा होतो. चालवायचं ते 'करणे'.